खजुरीचा रस आणि दोन नळ्या

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी मिक्सर ओरडायचा. त्याच्याही आधी कोपऱ्यावरच्या मशिदीतली बांग व्हायची, पण ती बाहेरची. घरातला पहिला आवाज मिक्सरचा. दोह्याच्या मदिनत खलीफात एका अरबाच्या व्हिलाचा मागचा तुकडा आम्ही भाड्याने घेतला होता. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि मागे टीचभर अंगण, त्यात खजुरीचं एकुलतं एक झाड. आई इस्पितळात नर्स होती. ती रात्रपाळी करून आलेली असो की दिवसपाळीला निघालेली असो, मऊ भात, डाळ, उकडलेलं अंडं आणि भोपळ्याची एखादी फोड मिक्सरमध्ये घालून ती दळायची, फडक्यातून गाळून घ्यायची आणि कोमट करून मोठ्या सिरिंजने आजोबांच्या नाकातल्या नळीत हळूहळू सोडायची. मग त्याच नळीतून कोमट पाणी. पाणी सोडलं नाही तर आत अन्न साकळतं, नळी बंद पडते आणि नवी घालताना माणूस गुदमरतो, हे तिने मला इतक्यांदा सांगितलं होतं की भाकरीचा तुकडा गिळतानाही मी वरून पाणी पीत असे.

आज मी दोह्यातच, अल सद्दमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहते. सून चटणीसाठी मिक्सर लावते तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभी राहते. नातू विचारतो, "नॅनी, व्हाय डू यू ऑल्वेज गो आउट?" मी सांगते, हवा खायला. दोह्याच्या ऑगस्टात कुणी हवा खायला बाल्कनीत जात नाही, हे त्यालाही कळतं, पण पोर शहाणं आहे, पुढे विचारत नाही.

आजोबा म्हणजे पप्पांचे वडील. वसईला त्यांनी जन्मभर ताडी काढली. ताड, माड, शिंदी, जे झाड रस देईल त्याच्यावर ते चढले. कमरेला कोयती, पाठीला मडकं, पायात दोराचा फेरा, असा त्यांचा एक जुना फोटो आमच्याकडे होता आणि तो पप्पांनी पाहुण्यांना कधीच दाखवला नाही. आजी गेली, घर रिकामं झालं, म्हणून पप्पांनी त्यांना दोह्याला आणलं. इथे त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. सकाळी ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि खजुरीकडे बघत राहायचे. खजूर म्हणजे आमच्या शिंदीचीच धनवान बहीण, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी शाळेतून आले तर ते झाडाच्या बुंध्यावर थाप मारत पप्पांना म्हणत होते, "याला कोणी छेदलं नाय कदी? थंडीत घागरभर रस देल हा."

"बा, ते अरबाचं झाड हाय," पप्पा म्हणाले.

"अरबाचं असूंदे. रस काय अरबी बोलतो?"

पप्पा हसले आणि म्हणाले, "बरं, या थंडीत बघू." ते एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन होते आणि त्यांचे हात कधी रिकामे नसत. टीव्ही बघतानाही एखादा पंखा खोलून मांडीवर घेतलेला असे. बघू म्हणाले म्हणजे ते बघणार, हे आम्हाला ठाऊक होतं. पण थंडी पडायच्या आतच आजोबा एका दुपारी खुर्चीतून कलंडले. इस्पितळातून परत आले ते उजवी बाजू बधिर, वाचा गेलेली आणि नाकात नळी. गिळण्याची ताकद राहिली नव्हती. तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, ते सरळ छातीत उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईला बजावायची गरज नव्हती.

त्यानंतर आमच्या घराला काय झालं ते सांगायचं तर मला बधिर हाच शब्द सुचतो. कुणी रडलं नाही. वसईला कुणी आजारी पडलं की घर माणसांनी आणि आवाजांनी भरून जातं, शेजारणी येऊन रोजरी म्हणतात, कुणीतरी पेज घेऊन येतं. इथे आम्ही तिघं होतो आणि तिघांच्या घड्याळांत वेगवेगळ्या वेळा होत्या; तिघंही बाहेर असलो तर तासावारी एक बाई आजोबांपाशी बसायची. आई बोंबलाचं कालवण करायची, चर्चमधल्या रविवारच्या मिस्साला गावी करतात तशी शुक्रवारी सांदणं करायची, पण पीठ फुगवायला ताडी नाही, यीस्ट. आणि चव कशाचीच लागायची नाही. एका बर्नरवर आमचं जेवण शिजे आणि दुसऱ्यावर आजोबांचं, आणि ते दळून गाळून झालं की दोन्हींत काही फरक आहे असं मला वाटेनासं झालं होतं. मी जेवायचे, शाळेत जायचे, माझे मार्कसुद्धा कमी झाले नाहीत. मला वाईट वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं.

आजोबांचा डावा हात मात्र चालत होता. त्यांचा पलंग खिडकीपाशी होता आणि खिडकीतून झाड दिसायचं. ते डाव्या हाताची बोटं उचलायचे, झाडाकडे करायचे आणि मग ओठांवर आणायचे. झाड, ओठ. दिवसातून कितीदा तरी. पप्पा कामावरून आले की पलंगाच्या कडेला बसून हे बघत राहायचे आणि एके दिवशी जेवताना म्हणाले, "बा रस मागतोय."

आईने आमटी वाढता वाढता त्यांच्याकडे पाहिलं. "मागत असतील."

"मी काढतो. नीरा थंड असते, पचायला हलकी. नळीतून चालेल ना?"

आईने पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "ताजी असेल तर थोडी चालेल. पण आंबून दारू झाली आणि कुणाला वास आला तर काय होईल माहीत आहे ना? नोकरी, व्हिसा, सगळं खलास. बाबांना या अवस्थेत विमानात कसं घालणार?"

"आंबणार नाही," पप्पा म्हणाले. मला वाटतं त्या घरात कुणीतरी काहीतरी ठामपणे बोललं, असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

त्यांनी लहानपणी वडिलांना बघितलं होतं, स्वतः कधी काढली नव्हती. कंपनीची शिडी आणली, झावळ्यांच्या खाली खोडाची एक बाजू तासली, मधोमध खाच पाडली आणि तिच्यात तांब्याच्या पाइपाचा तुकडा ठोकला. रस लवकर आंबू नये म्हणून आतून चुना लावलेलं भांडं खाली टांगलं. पहिल्या दिवशी काहीच नाही. मग खोड ओलं झालं, मग थेंब पडायला लागले. पहिला रस पप्पांनी कामावर जाण्याआधी उतरवला, ग्लासात ओतला आणि आम्ही तिघांनी एकेक घोट घेतला. ओल्या शेंगदाण्यासारखा वास आणि गोड, फार गोड नाही. पण आई दिवसपाळी करून आली तोवर भांड्यात उरलेल्यावर फेस आला होता. तिने तो मोरीत ओतला आणि वर फिनेल ओतलं, आणि घर दोन दिवस फिनेलने घमघमत होतं.

इथे अडचण कळली. वसईला रस पहाटे उतरतो आणि ऊन चढायच्या आत माणूस तो पितो किंवा विकतो. पप्पा पहाटे घाईत निघायचे, आजोबांना स्वतःच्या हाताने सावकाश द्यायला त्यांना संध्याकाळच मिळायची, आणि दोह्याची थंडी दुपारपर्यंतच टिकते. भांडं दिवसभर उन्हात राहणार. दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडला असता. पप्पांनी कंपनीच्या भंगारातून पिण्याच्या पाण्याचा एक जुना कूलर आणला, भिंतीच्या सावलीत ठेवला आणि झाडाच्या तांब्याच्या तोटीपासून कूलरच्या टाकीतल्या बरणीपर्यंत प्लास्टिकची नळी ओढली. नळीवर ऊन लागून रस वाटेतच आंबेल, म्हणून तिला एसीच्या पाइपांना घालतात ते काळं फोम घातलं. संध्याकाळी आले की ते आधी आजोबांकडे न जाता कूलरकडे जायचे, झाकण उघडून वास घ्यायचे, थर्मोस्टॅट कमी करायचे, पुन्हा वास घ्यायचे. "अजून नाही," म्हणायचे. बरणीत रस यायचा, पण तळाशी आंबूस वास असायचाच. बाला नीरा द्यायची तर अशी द्यायची की नाव ठेवता येणार नाही, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आजोबांना नाव ठेवायला वाचाच नव्हती, पण पप्पा आयुष्यभर त्या माणसाच्या नजरेखाली वाढलेले.

आई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याला मी तेव्हा राग समजले होते.

मग एका गुरुवारी संध्याकाळी पप्पांनी थर्मोस्टॅट अगदी शेवटपर्यंत फिरवला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे इथली सुट्टी आणि मिस्साचा दिवस. आई आजोबांपाशी थांबली, पप्पा आणि मी मिस्साला गेलो. परत आलो तेव्हा अंगणात घरमालक उभे होते.

अबू राशिद शुक्रवारचा नमाज झाल्यावर बऱ्याचदा यायचे, आजारी माणसासाठी म्हणून मजबूसचं, म्हणजे त्यांच्याकडच्या मटण-भाताचं ताट घेऊन. ते ताट त्या दिवशी कूलरवर ठेवलेलं होतं आणि ते मान वर करून झाडाकडे बघत होते. कूलरमधली नळी गोठली होती. दोह्यात, जिथे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाला हात भाजतो, तिथे पप्पांनी रस गोठवून दाखवला होता. पुढची वाट बंद झाल्यावर रस तोटीतून मागे आला होता आणि खोडावरून खाली ओघळत पार जमिनीपर्यंत पोचला होता. त्याच्यावर मुंग्यांची रांग लागली होती आणि वर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. एरवी अबू राशिदांचं लक्षही गेलं नसतं.

"हादा शिनू?" हे काय, म्हणून त्यांनी काळ्या फोमकडे बोट केलं. आमच्याशी ते अर्धं अरबी, अर्धं हिंदी बोलायचे. "रॉबर्ट, झाड को एसी लगाया?"

पप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "जूस है, अबू राशिद. झाड का रस. मेरे बाप के लिए."

अबू राशिदांनी खोडावरून बोट फिरवलं आणि वास घेतला. "ये कल शराब बनेगा."

"नहीं बनेगा. इसलिए तो ठंडा किया."

"ये नख्ला, ये झाड, मेरी माँ का है," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "समैस्मा के घर से लाया. इतना छोटा था. माँ खुद पानी देती थी." त्यांनी खाचेकडे पाहिलं. "अब मर जाएगा."

"नहीं मरेगा. मेरे बाप ने जितने झाड काटे, सब जिंदा हैं."

मला वाटलं, आता हे म्हणणार, घर सोडा. पप्पांनाही तेच वाटत असणार, कारण त्यांनी माझा हात धरला होता आणि माझी बोटं दुखत होती. अबू राशिद चपला काढून आत गेले. आजारी माणसाला भेटल्याशिवाय परत जायची त्यांच्यात रीत नव्हती, आणि एवढा राग आला म्हणून ते ती मोडणारे नव्हते. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि आजोबांच्या बधिर पावलावर हात ठेवला. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, डावा हात उचलला, बोटं झाडाकडे केली आणि मग ओठांवर आणली. अबू राशिद ते बघत राहिले.

बाहेर येऊन ते पप्पांना म्हणाले, "आज का जो है, दे दो उसको. फिर खलास. बंद करो, दवा लगाओ झाड को. इन्शाल्ला बचेगा." मजबूसचं ताट त्यांनी स्वतः उचलून आईच्या हातात दिलं आणि गेले.

म्हणजे आता एकच ग्लास. पप्पांनी नळी कूलरमधून सोडवली आणि गोठलेला भाग दोन्ही तळव्यांत धरून उकिडवे बसले. ते फुंकर मारत होते, तळवे चोळत होते. आतली बर्फाची कांडी सुटली आणि तिच्या मागे अडकलेला रस बरणीत आला. पप्पांनी वास घेतला. "चांगली आहे," ते म्हणाले. त्यांचे तळवे लाल झाले होते.

आईने ग्लास कोमट पाण्यात ठेवून रसाचा गारठा घालवला. तिने आजोबांची उशी उंच केली, नळी पोटातच आहे ना ते तपासलं, आधी पाणी सोडलं, मग सिरिंज लावली आणि पप्पांच्या हातात दिली. "तुम्ही द्या. हळू." पप्पांनी रस ओतला. तो सिरिंजमधून खाली सरकत गेला, नळीतून नाकात आणि दिसेनासा झाला. पप्पा सिरिंजकडे बघत नव्हते, आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. थोडा रस गेला, आणखी थोडा गेला. मग आजोबांनी डावा हात उचलला, झाडाकडे केला आणि ओठांवर आणला.

"देतोय ना, बा," पप्पा म्हणाले. "तीच आहे. झाडाचीच."

झाड, ओठ.

"याला कळत का नाही?" पप्पांनी आईकडे पाहिलं.

"नळी जिभेला लागत नाही," आई म्हणाली. "ती नाकातून मागच्या मागे पोटात जाते. त्यांना डाळ दिली काय आणि नीरा दिली काय, सारखंच."

पप्पांचा हात तसाच वर राहिला. सिरिंज रिकामी झाली होती. ज्या माणसाने नळ्या जोडण्यात आयुष्य घालवलं, नळी कुठून निघते आणि कुठे पोचते हाच ज्याचा धंदा, त्याच्या हे ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं.

"तुला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मग मला झाड का तासू दिलंस? आज घर गेलं असतं."

"तुम्ही संध्याकाळी येऊन भिंतीकडे बघत बसायचात," आई म्हणाली. "जेवायचा नाहीत, बोलायचा नाहीत. मग शिडी आणलीत. मला म्हटलं, चालू दे."

तिने नळीत कोमट पाणी सोडून ती धुतली, टोपण लावलं. ग्लासात अजून बोटभर रस होता. रोज सकाळ-संध्याकाळ ती आजोबांचं तोंड आतून पुसायची. बोटाला ओला गॉज गुंडाळून, घट्ट पिळून, हिरड्या, टाळू, जीभ. तिने गॉजचा नवा तुकडा घेतला, बोटाला गुंडाळला आणि ग्लासात बुडवला. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण तोंडातून काही द्यायचं नाही हा नियम मोडणाऱ्या बायकांवर ती वॉर्डात कशी ओरडते हे मी ऐकलं होतं. तिने गॉज पिळला, इतका पिळला की थेंब सुटणार नाही, आणि आजोबांच्या जिभेवरून डाव्या बाजूने हळूच फिरवला.

आजोबांचे डोळे खिडकीवरून आत आले. ओठ मिटले, जीभ आत कुठेतरी हलली. कपाळावर आठ्या पडल्या. मग घशातून, फाटक्या, ओल्या आवाजात, ते बोलले. कित्येक आठवड्यांनी निघालेला पहिला शब्द.

"आंबली."

आई हसली. बोटाला गॉज तसाच आणि ती पलंगाची कड धरून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बोलले!" ती म्हणाली. "अहो, बाबा बोलले!"

"काय बोलले ते ऐकलंस ना," पप्पा म्हणाले.

त्यांनी ग्लास उचलून उरलेला रस चाखला. मलाही दिला. नीरा किंचित, अगदी किंचित आंबूस होती. नळी तुंबली तेवढ्या वेळात बिघडली असावी. मला कुणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं. पप्पा अंगणात गेले, फोम सोललं, तांब्याची तोटी उपटली, खाचेत चुना भरला आणि शिडी कंपनीच्या गाडीत घालून आले. आजोबांनी त्यानंतर हात उचलून झाडाकडे केला नाही. त्यांचं समाधान झालं होतं की त्यांनी आमच्यावरची आशा सोडली होती, यावर आई आणि मी पुढे अनेक वर्षं वाद घातला. ते दुसरा शब्द बोलले नाहीत. उपासाच्या काळात, ईस्टरच्या आधी, झोपेतच गेले. पप्पा त्यांना विमानाने वसईला घेऊन गेले, पुरून आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मिक्सर आईने वरच्या फळीवर ठेवला. सकाळी मशिदीतली बांग झाली की पुढचा आवाज कशाचा असावा हे घराला कळेना.

परवा मी मुद्दाम टॅक्सीने त्या गल्लीत जाऊन आले. व्हिला रंगवला आहे, मागच्या भागात आता कुणी फिलिपिनो कुटुंब राहतं. झाड आहे. खजूर वरून वाढते, त्यामुळे खाच जिथे होती तिथेच राहिली आहे आणि झावळ्या तिच्यापासून पार दूर, उंच गेल्या आहेत. खाली उभं राहून बघणाऱ्याला ती खाच कशाची आहे ते कळणार नाही. टॅक्सीवाला नेपाळी होता, म्हणाला, "मॅडम, एनी प्रॉब्लेम?" मी म्हटलं, नो प्रॉब्लेम, यल्ला, चला.

त्या वर्षी झाड मेलं नाही. भर उन्हाळ्यात, रस्ते दुपारी ओस पडतात तेव्हा, अबू राशिदांनी त्याचे घड उतरवले आणि एक मोठं ताट आमच्याकडे पाठवलं नाही, स्वतः घेऊन आले. अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी झालेले, मऊ, चिकट खजूर. "माँ का नख्ला," ते पप्पांना म्हणाले. "जिंदा है. तुम्हारा बाप सच्चा आदमी था." पप्पांनी शुक्रन म्हटलं. ते गेल्यावर आम्ही तिघं ताटाभोवती बसलो. आईने एक खाल्ला, मी दोन खाल्ले. इतके गोड खजूर मी नंतर कधी खाल्ले नाहीत. पप्पांनी एक उचलला, बी काढली आणि तोंडात ठेवला. चावला नाही. जीभ आत हलताना दिसत होती, एका गालातून दुसऱ्या गालात. आम्ही वाट बघत होतो.

"कसा आहे?" आईने विचारलं.

त्यांनी बराच वेळ घेतला, अगदी आजोबांसारख्या आठ्या घातल्या.

"कळत नाही, फिलू," ते आईला म्हणाले. "मला काहीच लागत नाही."